स्पीडरनिंग

व्हिडिओ गेम कमीत कमी वेळात पूर्ण करण्याची स्पर्धा म्हणजे स्पीडरनिंग. १९९०च्या दशकात ‘डूम’ आणि ‘क्वेक’मध्ये खेळ ‘डेमो’ फाइलमध्ये साठवता येई. ती छोटी फाइल दुसऱ्याला पाठवली की दावा पडताळता यायचा, आणि तिथूनच हा छंद फोफावला. २०१०पासून अमेरिकेत भरणाऱ्या ‘गेम्स डन क्विक’ या धर्मादाय मॅरेथॉनने त्याला मोठा प्रेक्षक मिळवून दिला.

प्रत्येक गेमच्या कॅटेगरी वेगळ्या असतात. ‘एनी पर्सेंट’मध्ये फक्त शेवट गाठायचा असतो, ‘हंड्रेड पर्सेंट’मध्ये सगळे गोळा करायचे, तर ‘ग्लिचलेस’मध्ये प्रोग्राममधल्या चुकांचा फायदा घेता येत नाही. ग्लिच वापरणे म्हणजे फसवणूकच, असा आक्षेप बाहेरचे लोक हमखास घेतात. तो टिकत नाही. मूळ गेममध्ये नुसत्या कंट्रोलरने जे घडवता येते ते वैध आणि गेमच्या फाइलला हात लावला की अवैध, अशी रेघ बहुतेक ठिकाणी आखलेली आहे. खरा वाद रसिकांमध्येच आहे. ‘झेल्डा’ मालिकेतल्या ‘ऑकरिना ऑफ टाइम’ या गेमची एनी पर्सेंट वेळ मेमरीत फेरफार घडवणाऱ्या ग्लिचमुळे चार मिनिटांच्या आत आली, आणि गेमचा बहुतेक भाग त्यात दिसेनासा झाला. म्हणून तिथे अशा ग्लिचना बंदी असलेल्या कॅटेगरीही तितक्याच आवडीने खेळल्या जातात.

सर्वांत बारकाईने अभ्यासलेला गेम म्हणजे निन्टेन्डोचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५). एनी पर्सेंटमध्ये ३२पैकी आठच लेव्हल खेळाव्या लागतात: १-१, १-२, ४-१, ४-२ आणि ८-१ ते ८-४. गेम सेकंदाला सुमारे ६० फ्रेम (पडद्यावरची चित्रे) चालतो, पण लेव्हल संपल्यावर पुढची लेव्हल दर २१ फ्रेमनेच सुरू होऊ शकते. याला ‘फ्रेमरूल’ म्हणतात. खेळाडू बसचे उदाहरण देतात: स्टँडवर दोन मिनिटे आधी पोचलात तरी गाडी तिच्या वेळेलाच सुटणार. त्यामुळे वाचलेल्या दहा फ्रेम कधी पूर्ण वाया जातात, तर कधी एका फ्रेमच्या उशिराने ०.३५ सेकंद हातचे जातात. ८-४ला हा नियम लागू नाही, कारण गेमच्या शेवटी असलेल्या कुऱ्हाडीला स्पर्श होताच घड्याळ थांबते. तिथे एकेक फ्रेम मोजली जाते.

४-२मधला ‘राँग वार्प’ (चुकीच्या ठिकाणी नेणारी उडी) अनेक रन, म्हणजे विक्रमाचे प्रयत्न, बुडवतो. मारिओला ठोकळ्यावर उलटा आपटून पडद्यावर काही पिक्सेल उजवीकडे सरकवतात, म्हणजे कॅमेरा मागे राहतो. पाइप मारिओला कुठे नेणार हे कॅमेऱ्याच्या जागेवरून ठरत असल्याने गेमकडे जुनाच पत्ता राहतो, आणि एरवी चढावी लागणारी वेल न चढताच मारिओ वार्प झोनमध्ये, म्हणजे पुढच्या लेव्हलांकडे थेट नेणाऱ्या खोलीत, पोचतो. पिक्सेल कमी पडले, तर तोच पाइप नाण्यांच्या खोलीत नेऊन सोडतो आणि रन संपल्यात जमा होते. २०२१मध्ये निफ्टस्की या खेळाडूने पहिल्यांदा ४ मिनिटे ५५ सेकंदांची सीमा मोडली.

वेळ मोजायला बहुतेकजण ‘लाइव्हस्प्लिट’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरतात. त्यात लेव्हलप्रमाणे टप्पे लावतात, प्रत्येक टप्प्याच्या सर्वोत्तम वेळेला ‘गोल्ड’ म्हणतात. जुन्या गेमसाठी ट्यूबचा टीव्ही उपयोगी पडतो, कारण नवे टीव्ही चित्रावर प्रक्रिया करताना काही मिलिसेकंद घेतात आणि एक फ्रेम जेमतेम १७ मिलिसेकंदांची असते. पाल या टीव्ही-प्रसारण पद्धतीची यंत्रे सेकंदाला ५० फ्रेम चालतात. भारतात ‘टीव्ही गेम’ म्हणून विकलेले संच अशा पद्धतीचे असतील, तर त्यांवरच्या वेळेची थेट तुलना करता येत नाही. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे पहिल्या चुकीला रीसेट मारणे. त्यामुळे १-१ पाठ होते आणि ८-३ कच्चे राहते. अवघड जागा वेगळ्या घोटवाव्यात, आणि सुरुवातीला रन कितीही बिघडली तरी शेवटपर्यंत न्यावी.

विक्रमासाठी सलग व्हिडिओ लागतो. तपासणारे आवाजातला खंड आणि घड्याळातली उडी शोधतात, कारण तुकडे जोडलेली रन तिथेच पकडली जाते. अटारी २६०० या जुन्या गेमयंत्रावरील ‘ड्रॅगस्टर’ या शर्यतीच्या गेमचा ५.५१ सेकंदांचा १९८२चा विक्रम २०१८मध्ये रद्द झाला. प्रोग्राम तपासल्यावर ५.५७च्या खाली जाताच येत नाही असे दिसले होते. २०२०मध्ये ‘माइनक्राफ्ट’च्या एका नामांकित खेळाडूची रन यादीतून काढली, ती निव्वळ संभाव्यतेच्या गणितावर. पिग्लिन या गेममधल्या प्राण्यांशी केलेल्या २६२ सौद्यांत, गेम संपवायला लागणारे एंडर पर्ल हे मोती सुमारे १२ वेळा मिळणे अपेक्षित होते. मिळाले होते ४२ वेळा. पुढच्या वर्षी त्याने गेममध्ये बदल असल्याचे मान्य केले.