मामांची छाती सोमवारीच का भरून यायची

माझे मामा जळगाव जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातनं सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. दिवाळीच्या आसपास सीझन सुरू झाला की रोज कापसात, केसांत भुवयांत कानात सगळीकडं रुई. त्यांची एक तक्रार घरात कुणालाच नीट कळायची नाही. रविवारी सुट्टीच्या दिवशी माणूस एकदम ठणठणीत, आणि सोमवारी कामावरनं आले की छाती आवळल्यासारखी, दम पुरत नाही, कोरडा खोकला. मंगळवारी कमी, गुरुवारपर्यंत जवळपास काहीच नाही, पुन्हा सोमवार आला की तेच. मामी म्हणायच्या सुट्टीत बसून राहिल्यानं अंग जड होतं. मी बायोलॉजी शिकायला लागलो तेव्हा कळलं की याला नाव आहे, बिसिनोसिस, कापसाच्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार, आणि सोमवार ही त्याची ओळखच आहे.

हे समजून घ्यायचं तर धुळीच्या मागं मागं आत जायला लागतं.

पहिला अडथळा नाक. नाकात केस असतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण खरं काम त्याच्या मागचं ओलं, वळणावळणाचं अस्तर करतं. हवा त्या वळणांवर आपटत जाते, त्यामुळं १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुतेक तिथंच चिकटतात (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). शिवाय हेच नाक हवेचं तापमान पण सांभाळतं, भुसावळला मे महिन्यात ४५ डिग्रीची हवा आत घेतो तरी ती फुफ्फुसात पोचेपर्यंत शरीराच्या तापमानाला आलेली असते. तोंडानं श्वास घेतला की हे सगळं हुकतं, आणि ओझं उचलताना माणूस तोंडानंच श्वास घेतो.

पुढं घसा, स्वरयंत्र आणि मग श्वासनलिका, साधारण १०-१२ सेंटीमीटर लांब, कुर्चेच्या अर्धवट कड्यांनी उघडी ठेवलेली. खाली तिचे दोन फाटे होतात, त्यातला उजवा जास्त रुंद आणि जास्त सरळ, म्हणून लहान पोरानं खेळता खेळता शेंगदाणा ओढला की तो बहुतेक वेळा उजवीकडं अडकतो. फार लहान पोरांना आख्खे शेंगदाणे खरंच देऊ नका.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. या नळ्यांच्या आतनं चिकट द्रवाचा पातळ थर असतो आणि त्याच्याखाली सूक्ष्म केसांसारखे तंतू, एका पेशीवर साधारण २००, सेकंदाला १० ते २० वेळा वरच्या दिशेनं हलणारे. थरावर चिकटलेली धूळ ते मिनिटाला काही मिलिमीटर या वेगानं घशापर्यंत वर आणून सोडतात, आपण झोपलेलो असताना सुद्धा, मग आपण ती नकळत गिळतो किंवा खाकरून टाकतो. सकाळी खाकरल्यावर जिनिंगवाल्याला जे राखाडी दिसतं ते हेच. बिडीचा धूर या तंतूंना लुळं करतो. म्हणून कापसात काम करून वर बिडी ओढणाऱ्याचे हाल जास्त होतात, धूळ आत येतच राहते आणि ती बाहेर काढणारं कुणी उरत नाही.

नळ्यांना फाटे फुटत फुटत जवळपास २३ पिढ्या होतात आणि शेवटी वायुकोश म्हणजे हवेच्या बारीक पिशव्या लागतात, तीस ते पन्नास कोटी, सगळे पसरले तर सत्तर एक चौरस मीटर जागा व्यापतील. त्यांची भिंत एक मायक्रॉनपेक्षाही पातळ, तिच्यातनं ऑक्सिजन रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. आत घेतलेल्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, सोडलेल्या हवेत सोळा एक टक्के उरतो. वायुकोशात ते झाडू मारणारे तंतू नसतात, तिथं पोचलेला बारीक कण खायला खास पांढऱ्या पेशी फिरत असतात.

मग सोमवारचं काय? कापसाच्या धुळीत नुसती रुई नसते, बोंडाखालच्या पानांचा चुरा असतो आणि त्यावर वाढलेल्या जिवाणूंच्या आवरणातलं एन्डोटॉक्सिन नावाचं द्रव्य असतं. मुख्य संशय त्याच्यावरच आहे. ते आत गेलं की हिस्टामिनसारखी रसायनं सुटतात आणि बारीक नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात. नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, सोळापट होतो! रोज धूळ मिळत राहिली की शरीर थोडं सरावतं, सुट्टीत तो सराव मोडतो, आणि कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. वर्षानुवर्षं असंच चाललं तर त्रास रोजचा होतो आणि मग नळ्या कायमच्या बिघडू शकतात.

आपल्याकडं दोन उपाय सगळे करतात, तोंडाला रुमाल आणि कामानंतर गुळाचा खडा. रुमाल जाड रुई अडवतो, पण बारीक कण विणीतनं आरामात आत जातात, त्यासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ सारखा मास्कच लागतो आणि मशीनजवळ धूळ ओढून घेणारे पंखे लागतात, ते बसवणं मालकाचं काम आहे, मजुराचं नाही. गुळानं घशाला बरं वाटतं, पण तो जातो अन्ननलिकेतनं पोटात, फुफ्फुसाच्या रस्त्याला लागत नाही.

मामांना बरीच वर्षं दम्याच्या गोळ्या चालू होत्या, कारण ते डॉक्टरला फक्त दम लागतो एवढंच सांगायचे, वार कधी सांगितलाच नाही. मी मागं लागलो तेव्हा एका छातीच्या डॉक्टरांनी त्यांना सोमवारी कामावर जायच्या आधी एकदा आणि सुटल्यावर एकदा असं दोनदा श्वास मोजायच्या यंत्राच्या नळीत जोरात फुंकायला लावलं. संध्याकाळची फुंकर सकाळपेक्षा स्पष्ट कमी भरली. मामा कागदाकडं बघत राहिले आणि म्हणाले, बघ, मी सांगत होतो ना.