आयात-पर्याय (डाळी)

परदेशातून आणावे लागणारे अन्नधान्य देशातच पिकवून आयात कमी करणे म्हणजे आयात-पर्याय. गव्हात भारताला हे साधले. 1956 च्या करारानंतर पीएल-480 या अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखाली येणारा गहू हरितक्रांतीने अनावश्यक ठरवला. डाळींपाशी मात्र घोडे पेंड खाते. 1951 मध्ये दरडोई रोज सुमारे 60 ग्रॅम डाळ उपलब्ध होती. 2000 नंतरच्या काही वर्षांत ती 35 ग्रॅमच्याही खाली गेली. 2024-25 मध्ये आयात सुमारे 73 लाख टनांवर पोहोचली.

नागपुरात हा तिढा तुरीच्या पोत्यात दिसतो. जानेवारीपासून कळमना बाजारात नवी तूर उतरू लागते. विदर्भात तूर बहुधा कपाशी-सोयाबीनच्या ओळींमध्ये एखादे तास (ओळ) म्हणून पेरतात. पीक पाच-सहा महिन्यांचे. फुलोऱ्यात आभाळ आले की शेंगा पोखरणारी अळी आणि जमिनीतून मर रोग, ज्याने झाड वाळते. मिलमध्ये दाण्याला तेलाचा हात लावून, पाणी देऊन, वाळवून मग भरडतात. फटका (चकचकीत केलेली) डाळ बाजारात जाते, चुनी म्हणजे तुकडा-टरफल गुरांना. याच बाजारात म्यानमारची ‘लेमन’ आणि आफ्रिकेतून आलेली तूरही विकली जाते, आणि शेतकऱ्याच्या मालाचा भाव ठरताना तिचा भावही मोजला जातो.

2015 मध्ये तूरडाळ किलोला 200 रुपयांवर गेली. पुढच्या खरिपात शेतकऱ्यांनी तूर भरभरून पेरली, पीकही उदंड आले, आणि भाव क्विंटलला 5,050 रुपयांच्या हमीभावाखाली घसरले. त्याच 2016-17 मध्ये आयात सुमारे 66 लाख टन होती. तुरीच्या आयातीवर मर्यादा आली ती ऑगस्ट 2017 मध्ये, म्हणजे बहुतेकांचा माल विकून झाल्यावर. मे 2021 मध्ये आयात पुन्हा खुली झाली. वाण आणि पाणी यांची चर्चा बरीच होते, पण पेरावे की नाही हे शेतकरी गेल्या हंगामाच्या पट्टीवरून, म्हणजे अडत्याने दिलेल्या विक्रीच्या हिशेबावरून, ठरवतो.

हरभऱ्याला स्पर्धा पिवळ्या वाटाण्याची. 2017 मध्ये त्यावर 50 टक्के आयात शुल्क बसले, डिसेंबर 2023 मध्ये ते काढले गेले. कॅनडा-रशियाचा हा स्वस्त वाटाणा दळून बेसनात मिसळतात. सांबारवडी (कोथिंबिरीची वडी) आणि पाटवडीच्या या शहरात बेसन किती लागते, हे वेगळे सांगायला नको.

पूर्वी बेसनातली ही भेसळ लाखोळीची, म्हणजे लाख डाळीची, असे. नागपूरच्या पूर्वेकडे धान कापण्याआधी ओल्या बांधीत (धानाच्या शेतात) लाखोळी फेकली जाते. ना नांगरट, ना खत. तिच्या दाण्यातल्या विषारी घटकामुळे, फक्त तीच खाऊन राहिल्यास, पाय लुळे पडण्याचा विकार होतो. म्हणून अनेक राज्यांनी तिच्या विक्रीवर बंदी घातली. महाराष्ट्राने ती नंतर उठवली. विषारी घटक कमी असलेली ‘रतन’, ‘प्रतीक’ ही वाणेही निघाली आहेत.