जबाबाच्या खोलीतला दुसरा माणूस

लैंगिक हिंसा सोसलेल्या मुलीचं बोलणं आपल्याकडे पोलीस ऐकतात ते फिर्यादीसाठी, डॉक्टर ऐकतात ते पुराव्यासाठी आणि न्यायालय ऐकतं ते खरं-खोटं ठरवण्यासाठी. तिच्याकडून काहीही काढून न घेता, नुसतं ऐकून घ्यायला आणि सोबत थांबायला आलेलं माणूस या खोल्यांमध्ये फार उशिरा पोहोचलं. पोहोचल्यावर पुढे कायद्यानं त्याच्यावर पोलिसांना खबर देण्याची सक्ती केली. सध्याचे बरेच वाद या सक्तीतून निघालेले आहेत.

इंग्रजांच्या काळातल्या पुरावा कायद्यात तक्रारदार बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवून तिची साक्ष मोडायची उघड परवानगी होती. ते कलम २००३ पर्यंत टिकलं. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला, ते प्रकरण वाचकांना माहीत आहे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंगावर जखमांच्या खुणा नसल्याचा आधार घेत आरोपींना सोडलं. पुढच्या वर्षी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्कारात संमती नव्हती असं गृहीत धरायचं ठरलं, पीडितेचं नाव छापायला बंदी आली, सुनावणी बंद दालनात घ्यायची ठरली. हे सगळं मोलाचं होतं. पण त्या बंद दालनात तिच्या बाजूनं कोण बसणार, याबद्दल त्या दुरुस्तीत काहीही नव्हतं.

ती जागा भरायची सुरुवात मुंबईत झाली. १९८४ मध्ये समाजकार्य शिकवणाऱ्या एका संस्थेनं आपल्या कार्यकर्त्यांना थेट पोलीस यंत्रणेत बसवलं. २०००च्या सुमारास वांद्र्याच्या महापालिका रुग्णालयात हिंसाग्रस्त बायकांसाठी समुपदेशन केंद्र सुरू झालं, तेही आवाराबाहेर कुठेतरी नव्हे, तर रुग्णालयाचा एक विभाग म्हणून. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत कमी बोलला गेलेला आणि सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. जी बाई पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही, ती अपघात विभागात येते. केसपेपरवर ‘जिन्यावरून पडली’, ‘स्टोव्हचा भडका’, ‘चुकून औषध प्यायली’ असं लिहिलेलं असतं. तिथल्या परिचारिकेनं पडदा ओढून ‘घरी काही त्रास आहे का?’ असं विचारायचं, उत्तर आलं तर ‘यात तुझी चूक नाही’ एवढं सांगायचं आणि पुढचा निर्णय तिच्यावर सोडायचा, हे रुग्णालयातल्या माणसांना शिकवलं गेलं. मुंबईतल्या बहुतेक इतर रुग्णालयांत अशी केंद्रं निघायला मात्र दशकभराहून अधिक काळ गेला.

वैद्यकीय तपासणी तोवर जुन्याच वळणाची होती. मुलीचा बांधा, शरीरसंबंधांची ‘सवय’ आणि योनीत बोटं घालून ती ‘सवय’ ठरवणारी दोन बोटांची चाचणी. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती चाचणी तिच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरवली. २०१४च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी ती काढून टाकली. तरीही ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा तेच बजावावं लागलं. याच सूचनांनी तपासणी, नमुने आणि उपचार यांसाठी वेगवेगळी संमती घ्यायला सांगितलं. एकीला नकार दिला म्हणून दुसरं अडवायचं नाही.

खरा गुंता खबर देण्याचा आहे. १४ नोव्हेंबर २०१२ला पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, लागू झाला. त्याच्या १९व्या कलमानुसार अठरा वर्षांखालच्या मुलावर गुन्हा झाल्याचं ज्याला कळेल, त्यानं पोलिसांना सांगायलाच हवं. सांगितलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. डॉक्टर, शिक्षक, समुपदेशक, शेजारी, कुणालाही सूट नाही. याच कायद्यानं संमतीचं वय १६ वरून १८ वर नेलं. फौजदारी कायद्यातल्या २०१३च्या दुरुस्तीनं खासगी रुग्णालयांनाही मोफत प्राथमिक उपचार बंधनकारक केले, पण त्याच कलमात पोलिसांना ताबडतोब कळवण्याची अट घातली. म्हणजे प्रौढ बाईच्या बाबतीतही उपचाराच्या दारातून पोलीस आत आले.

सक्तीच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं पोकळ नाही. घरातला अत्याचार घरातच दडपला जातो, संस्था आपलं नाव जपण्यासाठी गप्प बसतात, आणि लहान मुलाला स्वतः ठाण्यात जाता येत नाही. सहा वर्षांच्या मुलासाठी हे कलम हवंच. पण सतराव्या वर्षी स्वतःच्या मर्जीनं जोडलेल्या नात्यातून दिवस गेलेली मुलगी डॉक्टरकडे येते, तेव्हा तिच्या एका वाक्यानं तिचा जोडीदार तुरुंगात जाऊ शकतो. बालविवाह झालेल्या मुलीचं बाळंतपण असेल, तर २०१७ पासून नवराही गुन्हेगार ठरतो. मग वय वाढवून सांगितलं जातं, दवाखाना टाळला जातो, भोंदू माणसाकडून गर्भपात केला जातो. ऐकणाऱ्याला आधी बजावावं लागतं: ‘तू जे सांगशील ते मला पोलिसांना कळवावं लागेल.’ एवढं ऐकल्यावर किती मुली पुढे बोलतील?

२०१४च्या सूचनांनी यात छोटी फट ठेवली. पोलिसांना कळवताना ‘तक्रार करायला पीडितेचा नकार आहे’ अशी नोंद करायची मुभा दिली. २९ सप्टेंबर २०२२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं आणखी पुढे जाऊन सांगितलं, की अल्पवयीन मुलगी संमतीच्या संबंधातून गर्भपातासाठी आली आणि तिनं व पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरनं पोलिसांना तिचं नाव कळवायची गरज नाही. तो निकाल गर्भपातापुरता आहे. समुपदेशनासाठी आलेल्या मुलीला त्याचा उपयोग नाही.

पोक्सोच्या नियमांतला सपोर्ट पर्सन ही या गुंत्यातली आशेची जागा. तपासापासून निकालापर्यंत मुलासोबत राहायचं, तारखा समजावून सांगायच्या, न्यायालयात सोबत जायचं. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, की असं माणूस देणं हे राज्याचं कर्तव्य आहे, ऐच्छिक नव्हे. त्याआधी जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात प्रत्येक जिल्ह्यात असुरक्षित साक्षीदारांसाठी साक्षीची वेगळी केंद्रं उभारायचा आदेश झाला. नियम या सोबत्याला गुप्तता पाळायला सांगतात आणि १९वं कलम त्यालाही लागू आहे. ओळख वाढल्यावर मुलानं आणखी कुणाचं नाव घेतलं, तर तेही कळवणं आलं.

१ जुलै २०२४ पासून नव्या फौजदारी संहिता लागू झाल्या. उपचाराचं कर्तव्य आणि खबर देण्याची अट दोन्ही तशीच्या तशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९७व्या कलमात गेली. वैद्यकीय अहवालाला सात दिवसांची मुदत आली, ही चांगली भर. नव्या पुरावा कायद्यानं पती-पत्नीमधलं आणि वकील-अशिलामधलं बोलणं पूर्वीसारखंच संरक्षित ठेवलं. समुपदेशकाला त्या यादीत जागा मिळाली नाही, त्यामुळे समुपदेशकाची नोंदवही आजही न्यायालय मागवू शकतं.