पंचनामा

पंचनामा म्हणजे एखादी जागा, वस्तू, मृतदेह किंवा झडती त्रयस्थ व्यक्तींना प्रत्यक्ष दाखवून जागच्या जागी लिहिलेला आणि त्यांच्या सह्या घेतलेला दस्त. या त्रयस्थांना पंच म्हणतात. पीकनुकसानीचा महसुली पंचनामा हा निराळा विषय असून ही नोंद फौजदारी तपासातील पंचनाम्यापुरती आहे.

पोलिसांना घरात शिरण्याचा आणि वस्तू ताब्यात घेण्याचा अधिकार कायदा देतो, आणि त्यावर बाहेरची नजरही तोच ठेवतो. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही तरतूद कलम १०३ मध्ये होती, १९७३ च्या संहितेत ती कलम १०० मध्ये आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तिचा क्रमांक पुन्हा १०३ आहे. झडतीपूर्वी त्या वस्तीतील किमान दोन स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवाशांना बोलवायचे. तसे कोणी मिळाले नाही किंवा तयार झाले नाही, तर दुसऱ्या वस्तीतले चालतात. लेखी आदेश देऊनही वाजवी कारणाशिवाय पंच होण्यास नकार देणे हा गुन्हा आहे. घरमालकाला झडतीच्या वेळी हजर राहता येते आणि जप्त वस्तूंच्या यादीची प्रत मिळते. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, सभ्यता राखून घ्यायची असते.

घटनास्थळ, घरझडती, अंगझडती, जप्ती असे पंचनाम्याचे प्रकार प्रसंगानुसार पडतात. संशयास्पद मृत्यूतील मरणोत्तर पंचनाम्याला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ चा स्वतंत्र आधार आहे. त्यात मृतदेहावरील जखमा आणि मृत्यूचे दिसणारे कारण नोंदवतात.

चांगला पंचनामा सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ, पंचांची नावे-पत्ते, जागेची चतुःसीमा आणि मोजलेली अंतरे यांनी उभा राहतो. त्यात डोळ्यांना दिसले तेवढेच लिहायचे, निष्कर्ष काढायचा नाही. म्हणून अनुभवी अंमलदार ‘सोन्याची साखळी’ न लिहिता ‘पिवळ्या धातूची साखळी’ लिहितो, ‘रक्ताचे डाग’ न लिहिता ‘रक्तासारखे लालसर डाग’ लिहितो. डाग रक्ताचे की नाहीत हे प्रयोगशाळा सांगेल. रक्तमिश्रित माती उचलली, तर तुलनेसाठी जवळची साधी मातीही वेगळ्या पुडीत घ्यावी लागते. प्रत्येक पुडीवर पंचांच्या सह्यांचे लेबल लावून लाखेचे सील करतात. सीलचा उल्लेख राहून गेला की मुद्देमाल कक्षापासून प्रयोगशाळेपर्यंतची ताब्याची साखळी तिथेच तुटते, आणि बचावाचा वकील नेमका तिथे बोट ठेवतो.

सर्वांत जास्त वाद निवेदन पंचनाम्यावर होतात. आरोपी ‘चाकू लपवलेली जागा दाखवतो’ म्हणतो, ते पंचांसमक्ष लिहून घेतात (पहिला भाग). मग आरोपी वाट दाखवतो आणि वस्तू काढून देतो (दुसरा भाग). पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही. मात्र भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ चे परंतुक (अपवाद सांगणारा भाग), म्हणजे पूर्वीच्या १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम २७, शोध लागलेल्या गोष्टीशी थेट संबंध असलेला भाग चालू देते. ‘चाकू लपवला आहे’ चालते, ‘याच चाकूने मी मारले’ चालत नाही. ही रेषा प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने, पुलुकुरी कोटय्या खटल्यात आखली. जागा पोलिसांना आधीच ठाऊक असेल, तर शोध लागला असे म्हणताच येत नाही. वस्तू कुणालाही हाती लागेल अशा उघड्यावरून मिळाली, तरी पुराव्याचे वजन घटते.

पंचनामा न्यायालयात आपोआप पुरावा ठरत नाही. पंच शपथेवर जे सांगतो तो पुरावा. कागद त्याच्या स्मरणाला आधार देतो आणि साक्षीला दुजोरा देतो. त्यामुळे उलटतपासणीत पंचाची स्थिती बघण्यासारखी असते: सही माझीच, पण कागद ठाण्यात बसून लिहिला, मी वाचला नाही. असा पंच फितूर घोषित होतो. तरी खटला तिथेच संपत नाही. तपास अधिकाऱ्याची साक्ष विश्वासार्ह वाटली तर न्यायालय तिच्यावर विसंबू शकते. झडतीत त्रुटी राहिली म्हणून मिळालेली वस्तू आपोआप बाद होत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने पूरणमल खटल्यात (१९७४) स्पष्ट केले आहे. तपासाचे खरे नुकसान करतात ते नेहमीचे, ठाण्याच्या आसपास वावरणारे पंच, आणि एकाच वेळी दोन ठिकाणी हजर दिसणारे पंच.

नव्या संहितेच्या कलम १०५ ने झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण आवश्यक केले आहे. यादी करणे आणि साक्षीदारांच्या सह्या होणे हेही त्यात यायला हवे, आणि ते विलंब न करता दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे आहे. त्यासाठी ‘ई-साक्ष्य’ हे ॲप वापरले जाते. कॅमेरा वस्तू सापडल्यानंतर सुरू केला, तर मुख्य प्रश्नाचे उत्तर त्यात नसते: वस्तू तिथे होती, की ठेवली गेली? आणि चित्रीकरणातील वेळ कागदावरील वेळेशी जुळली नाही, तर बचावाला उलटतपासणीचा पहिला प्रश्न आयता मिळतो.