तिका वारो गावना नाय

काकांची जुनी प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्यात बनलेली, १०८९ सीसीची. गेल्या पावसाळ्यात आंबोली घाट चढताना धापा टाकायला लागली, मागे काळा धूर, प्लग काळेकुट्ट. सावंतवाडीच्या मिस्त्रींनी आवाज ऐकला आणि बॉनेट उघडायच्या आधीच म्हणाले, "तिका वारो गावना नाय." म्हणजे तिला हवाच मिळत नाहीये.

कार्बोरेटर म्हणजे इंजिनसाठी हवा नि पेट्रोल मिसळणारा भाग, डासांचं औषध फवारायच्या फ्लिटच्या पंपाचा थोरला भाऊ. मधे गळा अरुंद, खाडीच्या मुखाशी ओहोटीचं पाणी कसं धावतं तशी हवा तिथून धावते, तिचा दाब उतरतो आणि फ्लोटच्या वाटीत साठलेलं पेट्रोल बाहेरच्या हवेच्या दाबाने जेटमधून, म्हणजे बारीक भोकातून, वर येतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, पण कार्बोरेटरला वजन कुठे कळतंय, तो बघतो फक्त हवेचा जोर.

आंबोली साधारण ७०० मीटरवर, तिथे हवा सुमारे ७ टक्के विरळ. इंजिन ओढतं तेवढीच लिटर हवा, म्हणजे वजनाने ७ टक्के कमी, पण पेट्रोल घटतं घनतेच्या वर्गमुळाने, म्हणजे साडेतीन टक्केच, आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. वर आपली दमट हवा! ३० अंशाला हवा पूर्ण ओली असेल तर तिच्यात चारेक टक्के नुसती वाफच, तेवढी ऑक्सिजनची जागा गेली.

मी लगेच शहाणपणा केला, म्हटलं मिक्श्चरचा स्क्रू जरा आवळूया. तो स्क्रू मुळात आयडलपुरता हो, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन नुसतं चालू असतं तेवढ्यापुरता, गरम इंजिनवर पाव-पाव फेरा फिरवत आवाज सगळ्यात चढेल तिथे ठेवायचा, नि मग दुसऱ्या स्क्रूने आयडल खाली आणायचं. घाटात पाय दाबला की पेट्रोल मेन जेटमधून येतं, तिथे या स्क्रूला फारसं कोण विचारत नाही. (जोर लावून आवळू तर अजिबात नका, टोकाला खाच पडते आणि मग कितीही फिरवा, आयडल जागेवर येत नाही.)

पण एवढ्याशा टक्क्यांनी काळा धूर? माझा हिशोब जुळेना. मिस्त्रींनी एअर फिल्टरची नळी काढून बघितली तर आत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं, अर्धी नळी बंद. गाडी उन्हाळाभर खळ्यात उभी होती ना. काडीने माती पाडली, फिल्टर झटकला, स्क्रूला हातही लावला नाही.