लायनर वर का येतो? पोहण्याच्या तलावाखालचे भूजल

अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात घरामागच्या अंगणात खोदलेल्या पोहण्याच्या तलावांपैकी बरेचसे काँक्रीटचे नसतात. पोलादाच्या किंवा पॉलिमरच्या तक्त्यांच्या भिंती, तळाशी वाळू-सिमेंटचा किंवा व्हर्मिक्युलाइट (हलके, फुगवलेले खनिज) आणि सिमेंटचा थर आणि या सगळ्यावर अंथरलेला विनाइलचा लायनर, म्हणजे प्लास्टिकचे अस्तर, अशी त्यांची रचना असते. हा लायनर जेमतेम अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाड असतो. तो तळाला चिकटवलेला नसतो. वरच्या काठाच्या खाचेत अडकवलेला असतो आणि एरवी तलावातले पाणीच त्याला जागेवर दाबून धरते.

अडचण नेमकी इथेच सुरू होते. 1 मीटर खोल पाणी तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर 1,000 किलोग्रॅमचा भार टाकते. मात्र तलावाबाहेरच्या मातीतले भूजल त्याच पातळीपर्यंत चढले, तर तेवढाच दाब खालून वर येतो आणि दोन्ही दाब एकमेकांना खोडून काढतात. मग उरते ते फक्त लायनरचे स्वतःचे वजन, आणि ते चौरस मीटरला फार तर 1 किलोग्रॅम, म्हणजे 1 मिलिमीटर पाण्याच्या थराइतके असते. त्यामुळे बाहेरची पातळी आतल्यापेक्षा दोन-चार मिलिमीटरने वर गेली तरी लायनर उचलला जाऊ शकतो. खाली किती पाणी साठले आहे, याला त्या मानाने महत्त्व नाही. पातळ्यांमधला फरक निर्णायक ठरतो.

थंड प्रदेशात हा फरक बऱ्याचदा माणूसच निर्माण करतो. पाणी गोठून नळ्या फुटू नयेत म्हणून हिवाळ्याआधी तलावाची पातळी स्किमरच्या, म्हणजे पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या तोंडाच्या खाली उतरवली जाते. पुढे वसंतात बर्फ वितळते, भूजल चढते आणि आतली पातळी मात्र खालीच राहिलेली असते. चिकणमातीच्या जमिनीत तर खरी भूजलपातळी बरीच खोल असूनही हा प्रकार घडतो. तलावासाठी केलेला खड्डा नंतर भुसभुशीत भरावाने बुजवलेला असतो, छपरावरच्या पन्हळींचे पाणी त्या भरावात सहज मुरते आणि भोवतालच्या घट्ट चिकणमातीमुळे तिथेच अडकून राहते.

लायनर फुगलेला दिसला की तलाव उपसून टाकावा, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण त्याने हानीच होते. आतला दाब काढून घेतल्यावर लायनर आणखी वर येतो, तळाचा थर उखडतो आणि भिंतींवर बाहेरच्या ओल्या मातीचा भार पडून त्या आत झुकू शकतात. शिवाय विनाइलला लवचीक ठेवणारी द्रव्ये वर्षागणिक कमी होत जातात, त्यामुळे जुना लायनर रिकामा पडला की आक्रसतो आणि पुन्हा भरताना कोपऱ्यांत फाटतो. म्हणून पाणी काढायचे ते बाहेरचे, तलावातले नव्हे.

त्याआधी हे पाणी कुठले, हे ठरवावे लागते, कारण लायनरला भोक पडले असेल तरी त्याखाली पाणी साचते. क्लोरीन मातीत लवकर संपत असल्याने त्याच्या चाचणीवर विसंबता येत नाही. ज्या तलावात क्लोरीन टिकवण्यासाठी सायन्युरिक आम्ल वापरतात, तिथे तलावाशेजारी खणलेल्या खड्ड्यातल्या पाण्यात ते सापडले, तर गळती तलावातूनच होत असल्याचा तो चांगला पुरावा मानावा.

पाणी भूजलाचे असेल, तर तळाच्या सर्वांत खोल भागाहूनही खोल असा खड्डा तलावालगत घेतात, त्यात छिद्रे असलेला उभा पाइप ठेवून भोवती खडी भरतात आणि आपोआप सुरू होणारा सबमर्सिबल पंप सोडतात. फ्रान्सच्या आंरी दार्सी यांनी 1856 मध्ये मांडलेल्या नियमानुसार मातीतून वाहणारे पाणी पातळीच्या उतारावर आणि मातीच्या पारगम्यतेवर, म्हणजे ती पाणी किती सहज जाऊ देते यावर, अवलंबून असते. त्यामुळे वाळूत असा एक खड्डा पुरतो, पण चिकणमातीत तलावाभोवती खडीचा चर आणि छिद्रांचे पाइप टाकल्याशिवाय पाणी पंपापर्यंत पोहोचतच नाही. हे काम तलाव बांधतानाच स्वस्तात होते. नंतर त्यासाठी तलावाभोवतीची फरशी फोडावी लागते.

महाराष्ट्रातल्या प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यांनाही हेच गणित लागू पडते. उन्हाळ्यात तळे रिकामे होते आणि पावसाळ्यात आजूबाजूचे भूजल चढते, तेव्हा उथळ भूजलाच्या जागी साधारण 500 मायक्रॉनचा तो कागद खालून उचलला जाण्याचा धोका असतो. अशा ठिकाणी तळे पूर्ण न उपसता तळाशी काही पाणी राखणे, किंवा मुळातच जमिनीत खोल न जाता बांध उंच करून साठवण वाढवणे, हे उपाय पंपापेक्षा सोपे पडतात.