नासिका निर्देशांक

नाकाच्या रुंदीला उंचीने भागून शंभराने गुणले की नासिका निर्देशांक मिळतो. उंची 50 मिमी आणि रुंदी 40 मिमी असेल, तर अंक 80. जिवंत माणसांच्या मोजणीत 70 च्या खालचे नाक अरुंद, 85 पर्यंतचे मध्यम आणि त्यापुढचे रुंद धरत. ‘चाफेकळी’ किंवा ‘नकटे’ म्हणताना मराठी माणूस रूपाबद्दल बोलतो. या अंकावरून मात्र वंश ठरवला गेला, आणि वंशावरून माणसाची पायरी.

भारतात हे माप रुजवले हर्बर्ट रिस्ली या ब्रिटिश अधिकाऱ्याने. 1901 च्या जनगणनेचा तो आयुक्त होता. जातीचा मान जितका वरचा, तितके तिचे सरासरी नाक अरुंद, असा त्याचा दावा. डोक्याच्या मापांचाही आधार घेऊन त्याने कुणबी आणि मराठी ब्राह्मण यांना एकत्र ‘शक-द्राविड’ गटात, म्हणजे मध्य आशियातून आलेले शक आणि द्राविड यांच्या मिश्र वंशात, बसवले.

शूर्पणखेचे नाक पंचवटीत कापले गेले म्हणून ‘नासिक’, अशी नाशिककरांची लोककथा आहे. शकांचा पुरावाही याच गावाजवळ, पांडवलेण्यांत, कोरलेला आहे. तिथे नहपान या शक क्षत्रपाचा (राज्यकर्त्याचा) जावई उषवदात याचे दानलेख आहेत आणि इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीकाने, कोरवलेले लेणेही आहे. गौतमी बलश्रीचा लेख तर तिच्या मुलाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, चातुर्वर्ण्याचा संकर थांबवल्याची प्रौढी सांगतो. संकर होतच नसता, तर थांबवल्याचे श्रेय कशाला घ्यावे लागले असते? अशा मिसळलेल्या भूमीत नाकावरून वेगळा वंश शोधणे हाच मूळ घोटाळा होता.

2 मार्च 1930 रोजी पंचवटीत काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. त्याचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पुढे, 1948 च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात, समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी दिलेले नासिका निर्देशांकच तपासले. ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे आहेत, हा त्यांचा निष्कर्ष होता. ज्या मापाने माणसांची उतरंड लावली, त्याच मापाने त्यांनी ती मोडून काढली.

नाकाची रुंदी हवेशीही निगडित आहे. थंड, कोरड्या प्रदेशांत नाके सरासरीने अरुंद आणि उष्ण, दमट प्रदेशांत रुंद आढळतात, हे 1923 मध्येच दाखवले गेले होते. 1972 मध्ये आनुवंशशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांना मानवी आनुवंशिक विविधतेचा सुमारे 85 टक्के भाग एकेका लोकसमूहाच्या आतच आढळला. आज हे माप मुख्यतः नाकाच्या शस्त्रक्रियेत आणि शरीररचनेच्या अभ्यासात वापरले जाते.